पंचांग पाहून सागरतीरी

दिवाळीच्या अमावास्येला भगवान महावीरांचा निर्वाणोत्सव होतो, सायंकाळी वहीपूजन होते आणि दुसऱ्या दिवशी नवे वीर निर्वाण संवत सुरू होते. त्यानंतर लाभपंचमीला, म्हणजेच ज्ञानपंचमीला, दुकानाचे कुलूप पुन्हा उघडते. मधले चार दिवस हीच बहुतेक व्यापारी कुटुंबांची वर्षातील एकमेव सलग सुट्टी असते. भाऊबीज आटोपली की पुणे, नगर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर येथील गाड्या घाट उतरू लागतात. मुलांना समुद्र हवा असतो, मोठ्यांना विसावा हवा असतो आणि कोकणची किनारपट्टी अवघ्या पाच-सहा तासांच्या अंतरावर असते.

नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी राहणारे एक कापड व्यापाऱ्याचे एकत्र कुटुंब नऊ वर्षांपूर्वी याच सुट्टीत रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर गेले होते. दादाजी, दादी, दोन मुलगे, सुना आणि पाच नातवंडे, अशी अकरा माणसे. कार्तिक शुद्ध तृतीयेचा दिवस होता. दुपारचे जेवण, वामकुक्षी, चहा असे सारे आटोपून साडेचारच्या सुमारास मंडळी पाण्याकडे गेली. समुद्र शांत दिसत होता. सतरा वर्षांचा थोरला नातू कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि पुढच्या काही क्षणांत त्याचे पाय वाळूवरून सुटले. किनाऱ्यावरच्या शहाळेवाल्याने धावत जाऊन हवा भरलेली रबरी नळी दोरीसह फेकली, म्हणून मुलगा हाती लागला.

दादाजी त्या माणसाचे आभार मानू लागले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “शेठ, आज तृतीया. दोन वाजल्यानंतर पाणी मागे फिरलंय. तुमच्या घरी पंचांग नाही का?”

ज्या घरात अष्टमी-चतुर्दशी पाहिल्याशिवाय भाजी चिरली जात नाही, त्या घराच्या कर्त्या पुरुषाला हा प्रश्न फार लागला. त्यानंतर आठ वर्षे त्या कुटुंबाने समुद्राचे नाव काढले नाही. मात्र प्रश्न मनात राहिला. त्याचे उत्तर प्रत्येक प्रवासी कुटुंबाला उपयोगी पडेल असे आहे.

तिथीची पाऊणपट

भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणाने होते आणि आपली तिथी म्हणजे चंद्र-सूर्यांमधील अंतराचेच माप आहे. म्हणून घड्याळातील तारखेपेक्षा तिथी समुद्राची स्थिती अधिक नेमकी सांगते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येतात. तेव्हा भरती सर्वांत उंच आणि ओहोटी सर्वांत खोल जाते. हे उधाण. त्याचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतरही दोन-तीन दिवस टिकतो. अष्टमीच्या सुमारास सूर्य-चंद्रांची ओढ परस्परांना काटकोनात असते, त्यामुळे पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते. किनाऱ्यावरची माणसे हिला भांगाची भरती म्हणतात.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे. पक्षातील तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती असते, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती सव्वादोनच्या आसपास. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा हिशेब मुंबईकडच्या किनाऱ्याला बराच लागू पडतो. दक्षिणेकडे मालवण-गोव्याला भरती त्याहून काहीशी आधी येते. त्यामुळे हा अंदाज समजावा, अंतिम शब्द नव्हे. नेमक्या वेळेसाठी त्या ठिकाणचे भरतीचे कोष्टक पाहावे आणि गावातल्या माणसाला विचारावे.

आता दिवाळीच्या सुट्टीकडे पुन्हा पाहावे. द्वितीया ते चतुर्थी हे अमावास्येनंतरच्या उधाणाचे दिवस. भरती दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान पूर्ण होते आणि त्यानंतर पाणी वेगाने मागे फिरते. सहली मात्र जेवण, विश्रांती आणि चहा आटोपून चार-पाच वाजता पाण्यात उतरतात. भरती-ओहोटीच्या साधारण मधल्या वेळी प्रवाहाचा वेग सर्वाधिक असतो. म्हणजे वर्षातल्या ज्या चार दिवसांत व्यापारी कुटुंब मोकळे असते, त्याच दिवसांत, आणि ज्या तासाला ते पाण्यात जाते, त्याच तासाला समुद्र बाहेरच्या दिशेने जोराने ओढत असतो. उधाणात पाण्याची चढउतार मुंबईकडे साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते, गोव्यात ती दोन मीटरच्या आसपास असते. खाडीच्या मुखाशी तर हे सारे पाणी अरुंद वाटेने बाहेर पडते. शहाळेवाल्याने एका वाक्यात सांगितले ते हेच.

किनारा ओळखावा कसा

छायाचित्रात सर्व किनारे सारखेच सुंदर दिसतात. कुटुंबासाठी किनारा निवडताना मात्र चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट उताराची. जेथे वाळू बारीक आणि दाबून बसलेली असते, तेथे किनारा सपाट असतो. लाटा दूरवर फुटतात आणि पायाशी येईपर्यंत त्यांचा जोर ओसरतो. जेथे वाळू जाड, सैल असते आणि पाय घोट्यापर्यंत रुततात, तेथे किनारा सहसा तीव्र उताराचा असतो. तेथे लाट अगदी काठाशी आपटते आणि दोन पावलांत पाणी गुडघ्यावरून छातीपर्यंत जाते. लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी पहिला किनारा योग्य. दुसऱ्या किनाऱ्यावर वाळूत बसून समुद्र पाहावा.

दुसरी गोष्ट खाडीच्या मुखाची. नदी जेथे समुद्राला मिळते ते स्थळ नयनरम्य असते, परंतु आंघोळीसाठी ते वर्ज्य मानावे. देवबागला कर्ली नदीचा संगम हे याचे परिचित उदाहरण आहे. तो संगम बोटीतून, अंगावर जीवरक्षक जाकीट घालून पाहावा.

तिसरी गोष्ट खडकांची. शेवाळलेल्या खडकावर पाय घसरतो आणि उधाणात अचानक आलेली लाट उभ्या माणसाला ओढून नेते. हरिहरेश्वरची समुद्राकाठची प्रदक्षिणेची वाट फक्त ओहोटीत आणि स्थानिक माणसाची संमती घेऊनच चालावी. तेथे भरतीच्या वेळी गेलेली माणसे लाटांनी ओढली गेल्याच्या घटना घडल्या आहेत.

चौथी गोष्ट माणसांची. ज्या किनाऱ्यावर वस्ती आहे, जीवरक्षक किंवा निदान बोटवाले, शहाळेवाले आहेत, तोच कुटुंबासाठी बरा. निर्जन किनारा फिरण्यास रम्य असतो, पण तेथे पाण्यात उतरू नये. गोव्यात २००८ पासून मुख्य किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमलेले असतात आणि पोहण्याच्या जागा झेंड्यांनी दाखवलेल्या असतात. लाल झेंडा असेल तेथे पाण्यात जाऊच नये. कोकणात ही व्यवस्था सर्वत्र नाही, म्हणून तेथे स्वतःची सावधगिरी अधिक हवी.

कोठे जावे

रायगड जिल्ह्यात दिवेआगर हे सपाट, लांब आणि पोफळीच्या वाड्यांना लागून असलेले किनाऱ्याचे गाव आहे. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावमार्गे तेथे जाता येते. रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळचे मुरूड आणि कर्दे हे किनारे रुंद आणि मंद उताराचे आहेत. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रायगड जिल्ह्यात जंजिरा किल्ल्याजवळही मुरूड आहे. खोल्या एका मुरूडात राखून दुसऱ्या मुरूडात पोहोचलेली कुटुंबे दरवर्षी आढळतात. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी तालुक्याचे नाव विचारून घ्यावे.

गुहागरचा किनारा कित्येक किलोमीटर लांब आहे. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणमार्गे तेथे जाता येते. दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळ ते धोपावे अशी गाडीसह नेणारी फेरीबोट मिळते आणि मोठा वळसा वाचतो. गणपतीपुळे येथे भाविकांची गर्दी असते, पण तेथील समुद्र फसवा आहे. तेथे पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा. गणपतीपुळे-रत्नागिरी रस्त्यावर आरे-वारेचा घाट लागतो. वरून दिसणारा देखावाच तेथे पुरेसा आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण, तारकर्ली, भोगवे, वेंगुर्ला ही ठिकाणे पाण्याच्या निवळपणासाठी प्रसिद्ध आहेत. कोकण रेल्वेने कुडाळला उतरून मालवण गाठता येते. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग किल्ला मुलांना अवश्य दाखवावा. त्याच वाटेवर, वाघोटन खाडीकाठी, खारेपाटण ही जुनी बाजारपेठ आहे. तेथील प्राचीन जैन मंदिराचे दर्शन घेतल्यास हे ध्यानात येते, की व्यापाऱ्यांची पावले या किनाऱ्यावर आजची नाहीत. गोव्यात जाणाऱ्यांनी फोंड्याजवळ बांदिवडे येथील नेमिनाथ बस्ती आणि कुडणे येथील जैन मंदिराचे अवशेष पाहावेत. किनाऱ्याची धावपळ एक दिवस थांबवून मुलांना तेथे नेले, तर सहलीचे सार्थक होते.

काळ केव्हाचा

साधुसाध्वी चातुर्मासात एका ठिकाणी स्थिर राहतात आणि कार्तिक पौर्णिमेनंतर त्यांचा विहार सुरू होतो. कोकणच्या समुद्राचा क्रमही बराचसा असाच आहे. जूनपासून समुद्र खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते आणि पावसाळ्यात जलक्रीडाही बंद असतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवतो. कार्तिक पौर्णिमेपासून फाल्गुनापर्यंतचा काळ प्रवासाला सर्वांत सुखद असतो. मे महिन्यात आंबा असतो, परंतु दमट उकाड्याने वृद्धांना त्रास होतो. आर्द्रा नक्षत्रानंतर आंबा वर्ज्य करणाऱ्या घरांना वेगळे सांगण्याची गरज नाही, कारण तोवर पाऊस आणि खवळलेला समुद्र दोघेही दाराशी येतात.

सूर्यास्तापूर्वीचे भोजन

समुद्रकाठी जैन कुटुंबाची खरी कसोटी चौविहाराची. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि नेमका तोच सूर्यास्त पाहण्यासाठी सारे किनाऱ्यावर आलेले असतात. निवासाच्या ठिकाणी स्वयंपाक बहुधा आठनंतरचा. परिणामी वृद्ध उपाशी राहतात किंवा नियम मोडल्याची खंत घेऊन परततात.

यावर उपाय एकच: खोली राखतानाच जेवणाच्या वेळा ठरवाव्यात. सकाळी नवकारशीनंतर न्याहारी, साडेअकराला दुपारचे जेवण आणि सव्वापाचला सायंकाळचे. कोकणातील घरगुती निवासांत हे सहज मान्य होते, कारण स्वयंपाक घरचीच माणसे करतात. दिवेआगर, मुरूड, आंजर्ले, केळशी, गुहागर, वेळणेश्वर या गावांत पूर्ण शाकाहारी घरगुती खाणावळी आहेत. मालवण-वेंगुर्ल्याकडे मासळी अधिक, म्हणून स्वतंत्र भांडी व स्वतंत्र चूल आहे का, हे आधी विचारावे. गोव्यात मडगाव, पणजी, म्हापसा या बाजारपेठांत शाकाहारी उपाहारगृहे मिळतात.

“कांदा-लसूण नको” एवढे सांगून भागत नाही. बटाटा, सुरण, रताळे, गाजर, बीट, आले अशी नावे घेऊन यादी द्यावी. सोलकढीत लसूण घालण्याची पद्धत आहे, तीही आधीच सांगावी. रात्री भिजवलेल्या पिठाच्या आंबोळीऐवजी ताज्या पिठाचे घावन मागावे. तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी, फणसाच्या दिवसांत फणसाची भाजी, उकडीचे मोदक या पदार्थांत कंदमूळ लागतच नाही. नीट सांगितले तर कोकणचे शाकाहारी ताट जैन कुटुंबाला परके वाटत नाही.

किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. उकळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्यांनी मोठे पातेले आणि गाळणे सोबत ठेवावे व रोज पहाटे पाणी उकळून मिळेल का, हे ठरवून घ्यावे. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या वृद्धांनी लवकरच्या जेवणाच्या वेळा डॉक्टरांना सांगून औषधांचे वेळापत्रक जुळवून घ्यावे. दुपारी अकरा ते तीन या वेळात उन्हात थांबू नये.

मार्ग आणि पैसा

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेची वाहतूक पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हापासून घाटाचा प्रवास टाळू इच्छिणाऱ्यांची मोठी सोय झाली आहे. दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी आणि मालवणसाठी कुडाळ ही स्थानके धरावीत. गाडीने जाणाऱ्यांनी घाट उजेडी उतरावा आणि पेट्रोल तालुक्याच्या गावीच भरून घ्यावे. वाळूत गाडी कधीही नेऊ नये. भरती चढली की चाके रुततात आणि गाडी पाण्यात जाते.

खोलीची आगाऊ रक्कम देताना व्यापारातील सावधगिरी सुट्टीतही सोडू नये. केवळ छायाचित्रे आणि भ्रमणध्वनी क्रमांक पाहून पूर्ण रक्कम पाठवू नये. खातेदाराचे नाव आणि निवासाचे नाव जुळते का ते पाहावे, थोडी रक्कम देऊन पावती मागावी आणि त्या गावातील दुसऱ्या कुणाकडून निवासाची खातरजमा करावी. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. किनाऱ्याच्या अनेक गावांत नेटवर्क अधूनमधून जाते, म्हणून दोन-तीन दिवसांपुरती रोख रक्कम जवळ असावी.

जीवदया वाळूवरही

ओहोटीत ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. ती लहान खेकड्यांनी अन्न शोधताना टाकलेली वाळू असते. म्हणजे ती वाळू निर्जीव नाही. मुलांना पाहून पाऊल टाकण्यास शिकवावे. शिंपला उचलताना आत जीव आहे का ते पाहावे आणि असेल तर तो जागच्या जागी ठेवावा. डॉल्फिन पाहायला नेणारा बोटवाला त्यांचा पाठलाग करू लागला, तर त्यास नम्रपणे थांबवावे.

मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली जातात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिले समुद्रात सोडली जातात, सकाळी आणि सायंकाळी. जीवदयेचा यापेक्षा बोलका पाठ मुलांना दुसरीकडे क्वचितच मिळेल. तेथे विजेरीचा झोत आणि गोंगाट टाळावा, इतकेच पथ्य आहे.

हर्णैसारख्या बंदराजवळ मासळीचा लिलाव होतो आणि सुकवणीही असते. ते तेथील लोकांचे उपजीविकेचे साधन आहे, त्याविषयी नाक मुरडणे योग्य नाही. ज्यांना ते पाहवत नाही, त्यांनी निवास बंदरापासून दूर घ्यावा.

ओढ लागली तर

किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादा पट्टा गडद आणि शांत दिसतो. अजाण माणसाला तोच सुरक्षित वाटतो. वास्तविक तेथूनच पाणी समुद्राकडे परतत असते. अशा ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, कारण त्यात दम संपतो. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून हाक द्यावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर आडवे सरकत ओढीच्या पट्ट्याबाहेर यावे.

किनाऱ्यावरच्या माणसांनी भावनेच्या भरात पाण्यात उडी घेऊ नये. एकाला वाचवताना दोघे बुडतात, असा अनुभव आहे. तरंगणारी वस्तू फेकावी. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन दोरी बांधून किनाऱ्यावर तयार ठेवावा, तो माणसाला आधार देऊ शकतो. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबण्यात किंवा त्याला उलटे धरण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे व १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागवावी. ही कृती घरातील दोन तरुणांनी तरी आधी शिकून ठेवावी.

अष्टमीचा समुद्र

गेल्या वर्षी त्या कापड व्यापाऱ्याच्या घरी धाकट्या नातीने पुन्हा समुद्राचा विषय काढला. ती दहा वर्षांची. तिने समुद्र पाहिलेलाच नव्हता. घर गप्प झाले. दादाजींनी उत्तर दिले नाही, पण त्या रात्री ते पंचांग घेऊन बसले.

दिवाळीची सुट्टी त्यांनी पहिल्या झटक्यात बाजूला काढली. दादींचा चातुर्मासाचा नियम कार्तिक पौर्णिमेपर्यंत असतो, तोवर त्या गाव सोडत नाहीत. त्यानंतरची कार्तिक वद्य अष्टमी त्यांना योग्य वाटली. पाण्याची चढउतार कमी, दुपारी बाराला ओहोटी, सायंकाळी सहाला भरती. म्हणजे दुपारी तीन ते साडेचार या वेळात पाणी किनाऱ्याकडे येत असणार. त्यातच मुरूड-दापोलीचा सपाट किनारा.

अडचण दुकानाची होती. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि कापडाच्या धंद्याचे ते सोन्याचे दिवस. थोरला मुलगा म्हणाला, “दादाजी, आत्ता तीन दिवस बंद म्हणजे नुकसान फार होईल. दिवाळीतच जाऊ, पाण्यात कोणी उतरणार नाही.”

दादाजी म्हणाले, “मुले समुद्रावर नेऊन पाण्यात उतरू नका म्हणायचे, हा हिशेब जुळत नाही. तीन दिवसांची विक्री पुढच्या महिन्यात भरून निघेल. त्या दिवशी जे जाणार होते, ते कशाने भरून निघाले असते?”

पुढे कोणी बोलले नाही. दुकानाच्या दारावर तीन दिवसांची पाटी लागली.

अष्टमीच्या दिवशी दादींना हिरवी भाजी वर्ज्य होती. घरमालकिणीने मुगाचे वरण, भात आणि तांदळाची भाकरी केली. दुपारी तीनला मुले गुडघाभर पाण्यात उतरली. त्या वेळी वयाने सव्वीस वर्षांचा झालेला तोच थोरला नातू त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये उभा राहिला. दोरी बांधलेला रिकामा कॅन दादाजींच्या पायाशी होता. साडेचारला दादाजींनी हाक दिली आणि कोणतीही कुरकूर न होता मुले बाहेर आली, कारण सव्वापाचला ताटे वाढली जाणार होती. ज्या नियमाची सहलीत अडचण होईल असे सर्वांना वाटले होते, त्यानेच त्यांना वेळेवर पाण्याबाहेर काढले.

जेवण करून, पच्चक्खाण घेऊन सारे कोरड्या वाळूवर बसले. भरती पूर्ण होत आली होती. धाकट्या नातीने विचारले, “दादाजी, उद्या पाणी किती वाजता येईल?”

“उद्या नवमी,” दादाजी म्हणाले. “नऊची पाऊणपट कर.”

तिने बोटांवर हिशेब केला आणि पावणेसात असे सांगितले.